आंकड्यांचें चित्र : आलेख काढावा कसा आणि वाचावा कसा

आलेख हा शब्द उच्चारतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील बारीक चौकटींचा कागद, तासलेली पेन्सिल आणि गणिताचे मास्तर उभे राहतात. परीक्षा आटोपली कीं त्या कागदाशीं आपला संबंध सुटला, अशी आपली समजूत असते. वास्तविक संबंध सुटलेला नसतो. आपल्या ध्यानांत तो येत नाहीं इतकेंच. सकाळचें वर्तमानपत्र उघडावें तों त्यांत भावांच्या चढउताराची रेषा असते. पुष्कळ ठिकाणीं विजेच्या बिलावर मागील महिन्यांच्या खर्चाचे लहानमोठे स्तंभ छापलेले असतात. रुग्णाच्या तापाचा तक्ता आपण डॉक्टरांच्या खांद्यावरून डोकावून पाहतों, आणि अंगणवाडींत बालकाचें वजन ज्या तक्त्यावर मांडतात तोही आलेखच होय. एवंच आलेख आपल्या घरांत शिरला आहे. मग त्याच्याशीं ओळख करून घेणें हें शहाणपणाचें. आणि ओळखीचा उत्तम मार्ग म्हणजे तो स्वतः काढून पाहणें. ज्याला लिहितां येतें त्याला दुसऱ्याच्या लिखाणांतील लबाडीही लवकर उमगते.

प्रथम असा प्रश्न निघेल कीं, आंकडे समोर असतां त्यांचें चित्र काढावयाचें कशाला? सरासरी काढली, बेरीज केली, म्हणजे पुरे नाहीं का? या प्रश्नाला १९७३ सालीं फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञानें एक मार्मिक उत्तर दिलें. त्यानें आंकड्यांचे चार संच तयार केले. प्रत्येक संचांत अकरा जोड्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची सरासरी ७.५, दोन राशींतील संबंध दाखविणारी सरळ रेषा काढली तर तीही चारही ठिकाणीं जवळजवळ तीच. केवळ हिशेब पाहणारा म्हणेल कीं हे चार सख्खे भाऊ आहेत. परंतु ते कागदावर बिंदूंनीं मांडले कीं चार निराळे चेहरे दिसतात. पहिल्यांत बिंदु एका रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले आहेत. दुसऱ्यांत ते कमानीसारखे वळलेले आहेत. तिसऱ्यांत सगळे एका सरळ रांगेंत असून एकच बिंदु रांग सोडून दूर उडाला आहे. चौथ्यांत दहा बिंदु एकाच उभ्या ओळींत आणि अकरावा एकटाच पलीकडे. सरासरीनें जें झांकलें तें चित्रानें उघड केलें. आलेखाचें पहिलें प्रयोजन हेंच आहे. तो सजावटीसाठीं नसून शोधासाठीं आहे.

ही युक्ति फार जुनीही नाहीं. नकाशे आणि ताऱ्यांच्या गतीचीं चित्रें पूर्वींपासून होतीं. पण व्यापार, कर, कर्ज अशा सांसारिक आंकड्यांना रेषेचें रूप देण्याचें श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाकडे जातें. १७८६ सालीं त्यानें इंग्लंडच्या आयातनिर्यातीचे आलेख पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. आडव्या बाजूस वर्षें, उभ्या बाजूस पैसा, आणि आयात व निर्यात यांच्या दोन रेषा. मधल्या जागेवरून नफातोटा एका दृष्टिक्षेपांत कळावा अशी योजना. स्कॉटलंडचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आंकडे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी काढणार? तेव्हां त्यानें निरनिराळ्या देशांशीं चाललेला व्यापार लहानमोठ्या पट्ट्यांनीं दाखविला आणि त्यांतून स्तंभालेख जन्मास आला. पुढें १८०१ सालीं वर्तुळाच्या फांकी पाडून भाग दाखविण्याची पद्धतही त्यानेंच आणली. या कथेंतून घेण्याजोगा बोध असा कीं, आलेखाचा प्रकार आपल्या आवडीवर ठरत नसून हातांत आलेल्या आंकड्यांच्या जातीवर ठरतो. काळाबरोबर बदलणारी गोष्ट असेल तर रेषा. वेगवेगळ्या वस्तूंची तुलना असेल तर स्तंभ. दोन राशींचा परस्परसंबंध तपासावयाचा असेल तर नुसते बिंदु.

मात्र पेन्सिल उचलण्यापूर्वीं एक गोष्ट करावी लागते : आपला प्रश्न एका वाक्यांत लिहून काढावा. तेच आंकडे दोन प्रश्नांना दोन निराळीं चित्रें देतात. आपल्या देशाच्या लोकसंख्येचें उदाहरण घेऊं. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर खानेसुमारीचे, म्हणजे आतां ज्याला आपण जनगणना म्हणतों तिचे, आंकडे असे आहेत : १९०१ सालीं २३.८४ कोटी, १९११ सालीं २५.२१ कोटी, १९२१ सालीं २५.१३ कोटी, १९५१ सालीं ३६.११ कोटी, १९७१ सालीं ५४.८२ कोटी आणि २०११ सालीं १२१ कोटींहून थोडे अधिक. एका सेंटिमीटरास दहा कोटी असें प्रमाण घेऊन सर्व खानेसुमाऱ्यांची रेषा काढली, तर ती सवादोन सेंटिमीटरांच्या वर सुरू होऊन बारा सेंटिमीटरांच्याही वर जाते. “देशांत माणसें किती झालीं?” या प्रश्नाचें हें चोख उत्तर आहे.

आतां त्याच रेषेवर १९११ व १९२१ यांच्यामधील तुकडा पहा. तेथें लोकसंख्या सुमारे आठ लाखांनीं घटली आहे. आपल्या प्रमाणांत आठ लाख म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पेन्सिलीच्या रेषेची जाडीच त्याहून अधिक असते. म्हणजे ज्या दशकांत १९१८ च्या इन्फ्ल्युएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, तें दशक या आलेखावर केवळ एक सपाट तुकडा होऊन बसतें. तेव्हां प्रश्न बदलावा : “दर दहा वर्षांत वाढ शेंकडा किती झाली?” आतां स्तंभ काढावे. १९११ चा स्तंभ ५.७५ इतका वर जातो. १९२१ चा शून्याच्या खालीं, उणे ०.३१; १९३१ चा एकदम ११ वर. संपूर्ण शतकांत शून्याखालीं उतरलेला तो एकच स्तंभ डोळ्यांत भरतो. आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या आलेखांत रेषा शेवटपर्यंत चढतच आहे; परंतु दुसऱ्यांत १९७१ चा स्तंभ २४.८० वर पोंचल्यावर पुढील स्तंभ उतरूं लागतात आणि २०११ चा १७.७ वर येतो. संख्या वाढत आहे, आणि वाढीचा वेग मंदावत आहे. दोन्ही विधानें खरीं आहेत. एकच चित्र दाखवून दुसरें लपविणारा माणूस खोटें बोलत नाहीं, पण अर्धें बोलतो.

आतां प्रत्यक्ष एक आलेख काढूं. विषय भारतांतील साक्षरता. खानेसुमारीचे शेंकडा आंकडे असे : १९५१ – १८.३३, १९६१ – २८.३०, १९७१ – ३४.४५, १९८१ – ४३.५७, १९९१ – ५२.२१, २००१ – ६४.८४, २०११ – ७४.०४. चौकटीच्या कागदावर खालीं आडवा अक्ष घ्यावा आणि दहा वर्षांस दोन सेंटिमीटर या मापानें वर्षांच्या खुणा कराव्या. सहा अंतरांना बारा सेंटिमीटर लागतील. डावीकडे उभा अक्ष घेऊन त्यावर शून्यापासून शंभरापर्यंत, दहास एक सेंटिमीटर या प्रमाणानें आंकडे लिहावे. शंभराच्या पलीकडे साक्षरता जाऊंच शकत नाहीं, म्हणून तेथें थांबणें योग्य. शिवाय अजून किती मजल बाकी आहे तेंही त्या रिकाम्या जागेवरून दिसतें. मग १९५१ च्या खुणेवर १.८ सेंटिमीटर उंचीवर पहिला बिंदु, असें करीत २०११ च्या खुणेवर ७.४ सेंटिमीटर उंचीवर शेवटचा बिंदु द्यावा आणि बिंदु सरळ रेषांनीं जोडावे. बिंदु पुसून टाकूं नयेत. बिंदु म्हणजे मोजलेलें सत्य. त्यांना जोडणारी रेषा म्हणजे आपला तर्क. मधल्या वर्षीं कोणी मोजणी केलेली नाहीं, हें पाहणाऱ्याला कळलें पाहिजे.

याच वेळीं तीन खबरदाऱ्या घ्यावयाच्या. पहिली, अंतरांची. समजा, आपणांस १९८१ व १९९१ चे आंकडे मिळालेच नाहींत. मग १९७१ च्या शेजारचीच खूण २००१ ला देऊन टाकण्याचा मोह होतो. तसें केलें तर तीस वर्षांची प्रगति दहा वर्षांत झाल्यासारखी दिसेल. आंकडा नसला तरी काळ जातोच. म्हणून त्याची जागा सोडलीच पाहिजे. दुसरी खबरदारी व्याख्येची. १९५१, १९६१ व १९७१ चे वरील आंकडे पांच वर्षें व त्यांहून मोठ्या वयाच्या लोकांविषयीं आहेत. १९८१ पासूनचे सात वर्षें व त्यांहून मोठ्या वयाच्या लोकांविषयीं आहेत. मोजण्याचें मापच मध्यें बदललें आहे. त्यानें एकंदर चित्र उलटत नाहीं. तथापि १९७१ व १९८१ यांच्यामध्यें एक बारीक उभी रेषा मारून खालीं तशी टीप देणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण होय. तिसरी खबरदारी भविष्याची. २०२१ सालची खानेसुमारी कोविडच्या साथीमुळें ठरल्या वेळीं झाली नाहीं. कोणाला अंदाजानें रेषा पुढें न्यावयाची असेल तर ती तुटक असावी आणि शेजारीं ‘अंदाज’ असा शब्द असावा. मोजलेल्याची आणि मानलेल्याची शाई एक असूं नये.

यानंतर येतो शून्याचा प्रश्न, आणि आलेखांतील निम्म्या फसवणुकी येथेंच घडतात. समजा, साक्षरतेचे शेवटचे दोनच आंकडे आपण स्तंभांनीं दाखविले. पण कागद वांचावा म्हणून उभा अक्ष शून्याऐवजीं साठापासून सुरू केला. आतां २००१ च्या स्तंभाची उंची राहिली ४.८४ आणि २०११ च्या स्तंभाची १४.०४. पाहणाऱ्याला वाटेल, दहा वर्षांत साक्षरता जवळजवळ तिप्पट झाली! प्रत्यक्ष वाढ सुमारे सातास एक या प्रमाणाची आहे. आंकडे बरोबर, अक्षावरील खुणा बरोबर, आणि तरीही चित्र खोटें. याचें कारण असें कीं, स्तंभ पाहतांना डोळा त्याच्या संपूर्ण लांबीची तुलना करतो. खालचा भाग कापून टाकला कीं तुलनेचा पायाच जातो. म्हणून नियम असा : स्तंभ नेहमीं शून्यावर उभा असावा.

मग प्रत्येक आलेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे काय? तसें नाहीं. तापाचा तक्ता पहा. तो शून्यापासून ११० अंशांपर्यंत, एका सेंटिमीटरास दहा अंश अशा मापानें काढला, तर ९८.६ वरून १०३ वर गेलेला ताप साडेचार मिलिमीटरही चढणार नाहीं, आणि मूल तापानें फणफणत असतां तक्ता मात्र शांत दिसेल. शून्य अंश फॅरनहाइट हें जिवंत माणसाच्या तापमानाचें आरंभस्थान नव्हेच. म्हणून वैद्यकीय तक्ता पंचाण्णव किंवा सत्त्याण्णवपासून सुरू होतो, आणि तें रास्त आहे. रेषेच्या आलेखांत डोळा उंची मोजत नसून चढउतार मोजतो. तेव्हां रेषेला शून्याचें बंधन नाहीं. तिला बंधन आहे तें अर्थाचें. कोणता चढ काळजीचा आणि कोणता क्षुल्लक, हें जाणून प्रमाण निवडावें. ९८.४ वरून ९८.६ वर गेलेली रेषा डोंगरासारखी दिसूं लागली तर तेंही असत्यच. याच कारणास्तव कागद अवास्तव उंच किंवा अवास्तव रुंद घेऊं नये. तीच रेषा अरुंद कागदावर कडा होते आणि रुंद कागदावर मैदान होते.

लांबीनंतर क्षेत्रफळाचा विचार करूं. जाहिरातींत व वृत्तपत्रांत पैशांच्या थैल्या, धान्याचीं पोतीं, माणसांच्या आकृति काढण्याची हौस फार. एखाद्या पिकाचें उत्पन्न दुप्पट झालें, म्हणून चित्रकार दुप्पट उंचीचें पोतें काढतो. परंतु आकृति बिघडूं नये म्हणून रुंदीही दुप्पट करतो. कागदावर तें पोतें चौपट जागा अडवितें. आणि खरें पोतें कल्पिलें तर त्यांत आठपट धान्य मावेल. अशा वेळीं एकाच मापाचीं दोन पोतीं शेजारीं शेजारीं काढणें हा सरळ उपाय आहे.

क्षेत्रफळ बरोबर साधलें तरी डोळा त्याचा हिशेब नीट करीत नाहीं, याचें एक थोर उदाहरण सांगण्याजोगें आहे. क्रिमियन युद्धांत ब्रिटिश सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या निष्णात आंकडेतज्ज्ञही होत्या. सैन्यांतील मृत्यु तलवारीपेक्षां घाणीमुळें अधिक होतात, हें सरकारच्या गळीं उतरविण्यासाठीं त्यांनीं १८५८ सालीं एक गोलाकार आलेख प्रसिद्ध केला. बारा महिन्यांच्या बारा फांकी. निळ्या रंगानें टाळतां येण्याजोग्या रोगांचे मृत्यु, तांबड्यानें जखमांचे, काळ्यानें इतर. १८५५ च्या जानेवारींत अशा रोगांनीं २७६१ सैनिक मेले, जखमांनीं अवघे ८३. म्हणजे तेहतीसपट. नाइटिंगेल यांनीं गणित चोख केलें होतें. क्षेत्रफळें मृत्यूंच्या प्रमाणांतच होतीं. पण क्षेत्रफळ तेहतीसपट व्हावयास त्रिज्या पावणेसहा पटच लागते, आणि पाहणारा सहजगत्या त्रिज्येकडेच पाहतो. साध्या स्तंभांनीं हा भेद अधिकच भयंकर दिसला असता. त्या आलेखाचा परिणाम झाला तो त्यांतील आंकड्यांच्या प्रचंड अंतरामुळें आणि त्यांच्या चिकाटीमुळें. पुढें १९८४ सालीं क्लीव्हलंड व मॅकगिल या दोन अमेरिकन संशोधकांनीं प्रयोग करून दाखविलें कीं, एकाच मापपट्टीवरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. लांबीची त्याहून कमी, कोनाची आणखी कमी, आणि क्षेत्रफळाची त्याहूनही कमी. फांकी पाडलेल्या वर्तुळालेखाविषयीं जाणते लोक नाक मुरडतात त्याचें कारण हेंच. दोन किंवा तीन भाग असतील तर वर्तुळ चालेल. सात भाग झाले कीं स्तंभांकडे वळावें. आणि स्तंभांना खोली व सावली देऊन ठोकळे बनविण्याचा सोस तर मुळींच धरूं नये. त्या ठोकळ्याचा माथा नेमका कोणत्या आंकड्याशीं भिडतो हें त्याच्या कर्त्यालाही सांगतां येत नाहीं.

पुढचा धडा मुंबईच्या पावसानें दिला आहे. २६ जुलै २००५ च्या त्या दिवशीं चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एखाद्यानें ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून दोहोंची सरासरी काढून ५०९ मिलिमीटरचा एक स्तंभ उभारला, तर तो स्तंभ कुलाब्याचाही नाहीं आणि सांताक्रूझचाही नाहीं. दक्षिणेंत कचेरींत बसलेल्यांना उत्तरेकडे शहर बुडत असल्याची कल्पना उशीरां आली, यांतलें मर्म त्या एका स्तंभांत कसें दिसणार? जेथें भेद हाच विषय आहे तेथें सरासरी घेऊं नये. दोन ठिकाणांचे दोन स्तंभ काढावे. आणि ९४४ चा स्तंभ कागदाबाहेर जातो म्हणून त्याचा माथा गुपचुप छाटूंही नये. छाटणें भागच असेल तर स्तंभास ठळक खंड देऊन वर आंकडा लिहावा.

कांहीं राशि अशा असतात कीं त्या बेरजेनें न वाढतां पटीनें वाढतात. साथीचे रोगी, चक्रवाढ व्याज यांची जात ही. २०२० सालीं कोरोनाच्या काळांत कित्येक वृत्तपत्रांनीं असे आलेख छापले कीं ज्यांच्या उभ्या अक्षावर १, १०, १००, १००० हे आंकडे सारख्या अंतरावर होते. अशा मापपट्टीवर ठराविक पटीनें होणारी वाढ सरळ रेषा बनते, आणि रेषा वांकूं लागली कीं साथीचा वेग मंदावला हें तात्काळ कळतें. वेग पाहण्यासाठीं हें साधन उत्तम. परंतु हजार आणि दहा हजार यांच्यामधील नऊ हजार माणसें त्यांत एका बोटाच्या अंतरांत मावतात, हेंही विसरूं नये. असा आलेख दाखवितांना मापपट्टीचा प्रकार स्पष्ट शब्दांत लिहावा.

येथवर आपण काढलेल्या बिंदूंचा विचार केला. परंतु सर्वांत घातक चूक असते ती न काढलेल्या बिंदूंची. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि त्यांतील सातही जण मृत्यु पावले. त्यांत एक शाळेंतील शिक्षिका होती. धक्का देणाऱ्या अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीनें ताठरली आणि तप्त वायु बाहेर फुटला, असें चौकशींत निष्पन्न झालें. थंडीचा धोका आदल्या रात्रीं कांहीं अभियंत्यांनीं कळकळीनें मांडला होता. त्या रात्रींच्या चर्चेंत पूर्वींच्या उड्डाणांचा दाखला निघाला. पण विचार झाला तो ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढ्यांचाच. त्यांपैकीं एक इजा ५३ अंश फॅरनहाइटला झाली होती आणि एक ७५ अंशांना. असे थोडे बिंदु पाहिले तर वाटतें, इजा थंडींतही होते आणि उबेंतही होते. तापमानाचा कांहीं संबंध दिसत नाहीं.

चौकशी आयोगानें पुढें जो आलेख छापला त्यांत इजा न झालेलीं उड्डाणेंही मांडलीं होतीं. तोंच चित्र पालटलें. ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानांत झालेल्या वीस उड्डाणांपैकीं फक्त तीनांत इजा; ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानांत झालेल्या चार उड्डाणांपैकीं चारांतही इजा. आणि त्या सकाळीं उड्डाणाच्या वेळीं हवेचें तापमान होतें ३६ अंश. पूर्वींच्या सर्वांत थंड उड्डाणाहूनही १५ अंशांनीं कमी. निर्णय चुकण्यास दुसरींही कारणें होतीं. वेळापत्रकाचा दाब होता, वरिष्ठांचा आग्रह होता. एका कागदानें तें उड्डाण खात्रीनें थांबलें असतें असें कोणी म्हणूं नये. परंतु जे आंकडे हाताशीं होते ते सगळे एका कागदावर आले असते, तर बोलणाऱ्या अभियंत्यांच्या हातीं शब्दांहून बळकट साधन असतें. ‘कांहीं घडलें नाहीं’ हीदेखील एक नोंद आहे. औषध घेऊन बरे झालेले जसे मोजावे तसे न घेतां बरे झालेलेही मोजावे. परीक्षेंत पहिले आलेले जसे मांडावे तसे नापास झालेलेही मांडावे. त्याशिवाय तुलना होत नाहीं, आणि तुलनेशिवाय आलेख म्हणजे नुसती रांगोळी.

आतां शेवटचा हात फिरवावयाचा. आलेखाला मथळा असावा आणि त्यांत काय, कोठलें, केव्हांचें हीं तिन्ही असावीं. अक्षांवर माप लिहावें : कोटी कीं लाख, टक्के कीं मिलिमीटर. आंकडे कोठून घेतले तें खालीं नमूद करावें. दोन किंवा तीन रेषा असतील तर प्रत्येकीचें नांव तिच्या टोकाशींच लिहावें. कोपऱ्यांत रंगांची यादी देऊन पाहणाऱ्याची नजर येरझाऱ्या घालीत ठेवूं नये. तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद कांहीं माणसांना दिसत नाहीं, आणि काळ्यापांढऱ्या छपाईंत तर कोणालाच दिसत नाहीं. म्हणून एक रेषा अखंड व दुसरी तुटक ठेवावी. मागील चौकटी फिकट असाव्या. डावीकडे एक माप आणि उजवीकडे दुसरें, असे दोन उभे अक्ष एकाच चित्रांत शक्यतों घेऊं नयेत. मापें थोडीं सरकविलीं कीं कोणत्याही दोन रेषा हातांत हात घालून चालतांना दाखवितां येतात. आज संगणक आणि हातांतला मोबाईलही क्षणार्धांत आलेख काढून देतो, हें खरें; परंतु अक्ष कोठें सुरू करावा, कोणता बिंदु घ्यावा आणि प्रश्न काय आहे, हें तो आपल्या मनानें ठरवितो. तें ठरविण्याचें काम आपण त्याच्याकडे सोंपवूं नये.

श्रोतेहो, ज्यांना आलेख काढावयाचा नाहीं त्यांनीं निदान पाहतांना चार प्रश्न विचारावे. उभा अक्ष कोठून सुरू होतो? आडव्या अक्षावरील अंतरें सारखीं आहेत काय? मोजण्याचें माप मध्येंच बदललें आहे काय? आणि कोणते बिंदु येथें असावयास हवे होते पण नाहींत? या प्रश्नांना दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. घरांतील मुलांना सुटींत एक चौकटीची वही द्यावी आणि महिनाभर रोज ठराविक वेळीं तापमापकावरील आंकडा, किंवा दर रविवारीं विजेच्या मीटरचा आंकडा, त्यांच्याकडून मांडून घ्यावा. एखाद्या दिवशीं नोंद राहून गेली तर ती जागा त्यांनीं मोकळी सोडावी, अंदाजानें भरूं नये, एवढें त्यांना आवर्जून सांगावें.